एकच सांधा, दोन निकाल : ऑक्सफर्डचा अर्धा गुडघा आणि स्वीडनची नोंदवही

१९९५ साली स्वीडनच्या राष्ट्रीय गुडघा-नोंदवहीच्या (देशातल्या गुडघाबदलाच्या शस्त्रक्रिया हिच्यात नोंदवतात) आधारे एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. देशभरात बसवलेले ६९९ 'ऑक्सफर्ड' अर्धे गुडघे, म्हणजे गुडघ्याचा झिजलेला एकच भाग बदलणारे कृत्रिम सांधे, त्यात मोजले होते आणि त्यांची तुलना 'मार्मोर' नावाच्या जुन्या, साध्या बनावटीच्या सांध्याशी केली होती. सहा वर्षांनंतर ऑक्सफर्ड सांध्याची फेरशस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण मार्मोरच्या दुपटीहून जास्त निघालं. नवं, हुशारीचं, इंजिनिअरने हिशेब करून घडवलेलं इम्प्लांट जुन्याकडून सपशेल हरलं होतं.

तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, ऑक्सफर्डच्या मंडळींनी आपले आकडे मांडले. १४३ गुडघे, दहा वर्षं, टिकलेले सांधे ९८ टक्के. आता ज्याने सांधा बनवला त्यानेच निकाल लावला, म्हणजे परीक्षार्थीच परीक्षक. त्यामुळे हे आकडे बाजूला ठेवणं सोपं होतं. पण २००१ मध्ये स्वीडनमधल्याच शोव्दे या गावच्या सर्जननी आपला अनुभव छापला. सांध्याच्या घडणीत त्यांचा काही हात नव्हता. १२४ गुडघे, दहा वर्षांनी ९५ टक्के शाबूत. देश तोच, धातू तोच, प्लास्टिकही तेच.

गुडघ्याच्या अर्ध्या बदलाचा सगळा इतिहास या तीन आकड्यांच्या भांडणात सापडतो असं मला वाटतं. म्हणून या प्रकरणाकडे जरा सविस्तर पाहू.

अर्धाच का

गुडघ्यात तीन कप्पे असतात : आतला, बाहेरचा आणि गुडघ्याच्या वाटीच्या मागचा. संधिवात बऱ्याचदा आतल्या कप्प्यात सुरू होतो आणि पुष्कळ वर्षं तिथेच मुक्काम करतो. उतारवयात ज्यांचे पाय गुडघ्यातून बाहेर बाकतात, चालताना फेंगडे पडतात, त्यांच्यात हे नेहमी दिसतं. बाहेरचा कप्पा बरा, मधली दोन्ही लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे) जागेवर, झिजलाय तो फक्त आतला भाग. अशा गुडघ्यात सगळंच कापून बदलण्याऐवजी झिजला तेवढाच भाग बदलायचा, ही कल्पना काही नवी नाही. १९५०च्या दशकात मॅकीव्हर आणि मॅकिंटॉश यांनी नडगीच्या हाडाच्या माथ्यावर नुसती धातूची चकती बसवून पाहिली होती. १९७२ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या लिओनार्ड मार्मोर यांनी मांडीच्या हाडाला धातूची गोलाकार पट्टी आणि नडगीवर प्लास्टिकचा सपाट तुकडा, दोन्ही सिमेंटने चिकटवलेले, अशी जोडी आणली.

अडचण आकारात होती. सपाट ताटावर गोटी ठेवली तर ती एका बिंदूवरच टेकते. माणसाचं सगळं वजन, आणि जिना उतरताना वजनाच्या कितीतरी पट भार, त्या एवढ्याशा जागेवर आला की पॉलिथिलीन, म्हणजे नडगीवरचं ते प्लास्टिक, दबतं, खरवडतं, झिजतं. मग ताटाऐवजी वाटी करावी, म्हणजे गोटी खोल बसेल आणि भार पसरेल? भार पसरतो खरा, पण गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. पाय वाकताना मांडीचं हाड नडगीवर मागेपुढे सरकतं. लिगामेंट त्याला एका दिशेला ओढतात आणि खोल वाटी दुसऱ्या दिशेला अडवते. ही ओढाताण शेवटी हाड आणि सिमेंट यांच्या सांध्यावर येते आणि इम्प्लांट सैल होतं. एकतर झीज नाहीतर सैलपणा, अशा कात्रीत त्या काळचे सगळेच रचनाकार सापडले होते.

त्यातच न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांनी पूर्ण गुडघा बदलण्याचा 'टोटल कॉन्डिलर' सांधा तयार केला आणि १९७४ पासून तो उत्तम चालला. (यातले चित्तरंजन रानावत हे मूळचे मध्य प्रदेशचे. २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडीत अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यांनीच केली. ती बातमी अनेकांच्या लक्षात असेल.) याच इन्सॉल यांनी अर्ध्या गुडघ्याचे आपले निकाल निराशाजनक असल्याचं लिहिलं. पूर्ण बदल इतका भरवशाचा असताना अर्ध्याच्या नादी लागायचं कशाला, असा सूर अमेरिकेत लागला आणि बरीच वर्षं टिकला.

मोकळी सोडलेली गादी

ऑक्सफर्डमध्ये नफील्ड ऑर्थोपेडिक सेंटरमधले सर्जन जॉन गुडफेलो आणि विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग विभागातले जॉन ओकॉनर यांची जोडी जमली होती. दोघांनी आधी खुब्याच्या सांध्यावर एकत्र काम केलं होतं. भार सांध्यात नेमका कुठे टेकतो, हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात पक्का होता. गुडघ्यात निसर्गाने ताट-गोटीची अडचण कशी सोडवली? मधे गादी ठेवून. डॉक्टर जिला मेनिस्कस म्हणतात, ती चंद्रकोरीसारखी गादी मांडीच्या हाडाच्या गोलाईला वरून बिलगते आणि हाड सरकेल तशी स्वतःही सरकते. भार पसरतो आणि हालचालही अडत नाही.

त्यांनी हीच युक्ती धातू-प्लास्टिकात उतरवली. मांडीच्या हाडाला गोलाचा तुकडा, नडगीवर अगदी सपाट, चकचकीत धातूची पाटी, आणि मधे पॉलिथिलीनची गादी : वरून गोलाईला तंतोतंत जुळणारी खोलगट, खालून सपाट. ही गादी कशालाच जोडलेली नाही, ना स्क्रूने, ना सिमेंटने, ना खाचेत अडकवून. वरच्या बाजूला ती गोलावर फिरते, खालच्या बाजूला पाटीवर घसरते. वाकवा, सरळ करा, दोन्ही पृष्ठभाग पूर्ण टेकलेलेच राहतात, सुमारे सहा चौरस सेंटिमीटर. १९७४ मध्ये रचना झाली, १९७६ मध्ये पहिल्यांदा रुग्णात बसवली गेली आणि १९७८ मध्ये त्यामागचं गणित प्रसिद्ध झालं.

झिजेच्या बाबतीत गणित खरं ठरलं. पुढे काढून तपासलेल्या गाद्यांची झीज वर्षाला ०.०३ मिलिमीटरच्या आसपास भरली. म्हणजे तीन-चार मिलिमीटर जाडीची गादीही पुरते, आणि गादी पातळ तर हाड कमी कापावं लागतं.

पण मोकळ्या गादीला धरून ठेवणारं इम्प्लांटमध्ये काहीच नाही. तिच्या पुढच्या-मागच्या कडा जराशा उंच असतात एवढंच. बाकी सगळं काम लिगामेंटच्या ताणाचं. ताण नीट असेल तर गादी जन्मभर जागेवर. कमी पडला तर एखाद्या दिवशी उठता-बसता ती सटकून बाहेर येते आणि माणूस जिथल्या तिथे अडकतो. झिजेचा प्रश्न या रचनेने सोडवला, पण बदल्यात सगळी जबाबदारी सर्जनच्या हातावर आणि रुग्णाच्या लिगामेंटवर टाकली. स्वीडनमध्ये पुढे जे झालं त्याचं बीज इथेच आहे.

सांध्याला त्याचा रुग्ण सापडतो

गंमत अशी की हा सांधा जन्माला आला तो अर्धा गुडघा म्हणून नव्हे. सुरुवातीला दोन्ही कप्प्यांत एकेक जोडी बसवून तो पूर्ण गुडघ्यासारखाच वापरला गेला. फक्त आतल्या कप्प्यात बसवायला १९८२ पासून सुरुवात झाली. दरम्यानच्या वर्षांत गुडफेलो यांनी एक गोष्ट चिकाटीने केली. कोणाचा सांधा बिघडला आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्या गुडघ्यात काय दिसलं होतं, याची ते जुळणी करत राहिले.

उत्तर एका लिगामेंटवर येऊन थांबलं. गुडघ्याच्या मधोमध असलेलं पुढचं क्रुशिएट लिगामेंट, क्रिकेट-कबड्डीच्या दुखापतींमुळे आपल्याला 'एसीएल' म्हणून माहीत असलेलं. ३०१ गुडघ्यांच्या १९९२ मधल्या अभ्यासात एसीएल शाबूत असलेल्यांत सहा वर्षांनी ९५ टक्के सांधे टिकले होते. ते खराब किंवा नाहीसं झालेल्यांत ८१ टक्के.

कारण त्याआधीच, १९९१ मध्ये, एका साध्या निरीक्षणातून पुढे आलं होतं. अर्धा गुडघा बसवताना नडगीच्या माथ्याची आतली बाजू कापून काढतात. पेढ्याएवढा, एका बाजूने सपाट असा तो हाडाचा तुकडा एरवी बादलीत जातो. ऑक्सफर्डमध्ये असे ओळीने ४६ तुकडे जपून ठेवून तपासले. जवळजवळ सगळ्यांवर तेच चित्र. पुढच्या आणि मधल्या भागात कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत, मऊ आवरण) पार नाहीशी, खाली घासून गुळगुळीत झालेलं उघडं हाड. आणि मागच्या कडेला मात्र कूर्चा जाड, पांढरी, ओलसर, जणू या गुडघ्याला काही झालंच नाही.

याचा अर्थ लावला की बाकीचं आपोआप उलगडतं. पाय सरळ असताना हाडं पुढच्या भागात टेकतात, तिथे झीज आहे, म्हणून पाय बाकतो आणि चालताना कळ येते. गुडघा वाकला की एसीएल मांडीच्या हाडाला शिस्तीत मागे नेतं, तिथे कूर्चा शाबूत आहे, म्हणून वाकलेल्या स्थितीत गुडघा पुन्हा सरळ रेषेत येतो. आतल्या बाजूचं लिगामेंट दर वाकण्यागणिक आपल्या मूळ लांबीपर्यंत ताणलं जातं आणि आखडत नाही. अशा गुडघ्यात फक्त झिजलेली जाडी भरून काढली की लिगामेंटचा ताण जसा होता तसा परत मिळतो आणि मोकळी गादी त्याच ताणावर जगते. एसीएल गेलं की ही शिस्त मोडते, झीज मागे पसरते, आतलं लिगामेंट आखडतं. तो वेगळा आजार, त्याला पूर्ण गुडघाच हवा.

या इम्प्लांटच्या घडणीतली सर्वात मोठी सुधारणा मी यालाच मानेन, आणि यात इम्प्लांटला कोणी हातही लावलेला नाही. पंधरा वर्षं वापरल्यावर हा सांधा नेमका कोणासाठी आहे ते समजलं.

करवत, मग फ्रेझा

दुसरी सुधारणा हत्यारांची. गोल आणि सपाट पृष्ठभागांची मूळ भूमिती १९७६ पासून आजतागायत तीच आहे. बदललं ते हाड घडवण्याचं तंत्र.

पहिल्या पिढीत मांडीच्या हाडाला करवतीने सपाट काप द्यायचे आणि त्यावर इम्प्लांट बसवायचं. पाय वाकलेला असताना हाडांमधली फट आणि सरळ असताना असलेली फट या दोन्ही समान हव्यात. नाहीतर गादी एका स्थितीत घट्ट आणि दुसऱ्या स्थितीत ढिली. करवतीच्या कापात मिलिमीटरचा हिशेब जमवणं म्हणजे अंदाजपंचे काम. ज्याचा हात बसलेला त्याचं जमायचं.

१९८७ च्या दुसऱ्या पिढीत इम्प्लांटची आतली बाजूही गोलाकार केली आणि करवतीच्या जागी गोल फ्रेझा आला, कारखान्यात मिलिंगला वापरतात त्याच जातीचं हत्यार. याची रीत मोठी सुरेख आहे. हाडात एक भोक पाडून त्यात खुंटी बसवतात. खुंट्यांना नंबर असतात. फ्रेझा या खुंटीवर फिरतो आणि खुंटीची टोपी त्याला ठरलेल्या खोलीच्या पुढे जाऊ देत नाही. पहिल्यांदा शून्य नंबरची खुंटी लावून पृष्ठभाग गोल करून घेतात. मग चाचणीचे भाग बसवून, गुडघा वाकवून, जाडीच्या पट्ट्या एकेक घालून फट मोजतात. समजा चार मिलिमीटरची पट्टी सहज आत-बाहेर होते, तर वाकलेली फट चार. पट्टी काढून घ्यायची, पाय जवळजवळ सरळ करायचा (पूर्ण नाही, वीस अंश वाकलेलाच ठेवायचा, कारण पूर्ण सरळ केला की मागचं आवरण ताणून फट खोटी लहान दाखवतं) आणि पुन्हा मोजायचं. समजा आता एकच मिलिमीटरची पट्टी जाते. चारातून एक गेला, राहिले तीन. तीन नंबरची खुंटी लावायची, फ्रेझा फिरवायचा, हाड आणखी तीन मिलिमीटर खाली जातं. पुन्हा मोजा, दोन्हीकडे चार. मग चार मिलिमीटरची गादी बोटाने दाबून आत सरकवायची.

लिगामेंट कुठेही कापायचं नाही, सोडवायचं नाही, ताणायचं नाही. ते जसं आहे तसं प्रमाण मानून हाड त्याच्या मापाने घडवायचं. इंजिनिअरिंगवाला माणूस ऑपरेशन थिएटरमध्ये शिरला की काय होतं त्याचा हा नमुना.

१९९८ ला तिसरी पिढी आली : मांडीच्या भागाला एकाऐवजी पाच साइझ, हत्यारं लहान, चीरही लहान, गुडघ्याची वाटी बाजूला उलथवायची गरज नाही. रुग्ण लवकर उभा राहू लागला आणि अर्ध्या गुडघ्याची मागणी जगभर वाढली. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने २००४ मध्ये याला परवानगी दिली, तीही प्रशिक्षण घेतलेल्या सर्जननेच बसवावा या अपेक्षेसह. एखाद्या इम्प्लांटसोबत त्याचा वर्गही सक्तीचा करावा लागतो, यातच स्वीडनच्या कोड्याचं अर्धं उत्तर आलं.

मग स्वीडनमध्ये काय झालं?

स्वीडनची गुडघा-नोंदवही १९७५ सालची, आपल्या जातीची जगातली पहिली. १९९५ च्या निबंधामागे या नोंदवहीची पुण्याई होती आणि त्यातले आकडे चुकीचे नव्हते. बिघाडाच्या कारणांत सटकलेल्या गाद्या ठळक होत्या. म्हणजे जो दोष या रचनेत संभवतो तोच होत होता.

पुढे २००१ मध्ये त्याच नोंदवहीच्या लोकांनी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला : कोणतं इम्प्लांट, एवढंच न पाहता कोणतं रुग्णालय वर्षाला असे किती गुडघे करतं? वर्षाला २३ ही रेघ मारून त्यांनी रुग्णालयांचे दोन गट केले, म्हणजे महिन्याला साधारण दोन. रेघेच्या वरच्या रुग्णालयांत फेरशस्त्रक्रिया कमी, खालच्यांत जास्त. आणि हा फरक ऑक्सफर्डसारख्या हातावर अवलंबून असलेल्या सांध्यात जास्त ठळक.

मार्मोर सांधा ढोबळ चूक खपवून घेतो. थोडा कलला, फट थोडी ढिली राहिली, तरी तो तसाच चालतो. किंमत वसूल होते ती वर्षानुवर्षांच्या झिजेतून. ऑक्सफर्डची चूक लपत नाही, गादी पहिल्या काही वर्षांतच सटकते. सहा वर्षांनी दोघांची तुलना केली तर एकाची बिलं येऊन गेलेली असतात आणि दुसऱ्याची अजून यायची असतात. शोव्देच्या सर्जननी पुढे वीस वर्षांचे निकाल दिले, ६८२ गुडघ्यांचे, २०११ मध्ये. टिकलेले ९१ टक्के. सहा वर्षांच्या तक्त्यात हे दिसणं शक्यच नव्हतं.

इथे रचनाकारांना पूर्ण सोडून द्यायला मी तयार नाही. 'इम्प्लांट उत्तम आहे, सर्जनला बसवता येत नाही' हा युक्तिवाद कुठल्याही कंपनीला सोयीचाच असतो. मोजक्याच निष्णात हातांत चालणारं इम्प्लांट जगभर विकायला काढलं तर सरासरी हातात त्याचं काय होतं, हा रचनेचाच प्रश्न आहे. फ्रेझा आणि नंबरच्या खुंट्या हे त्याचंच तर उत्तर होतं.

फेरशस्त्रक्रिया म्हणजे अपयश का

२०१० मध्ये गुडफेलो, ओकॉनर आणि त्यांचे ऑक्सफर्डमधले सहकारी सर्जन डेव्हिड मरे यांनी नोंदवहीच्या मापावरच बोट ठेवलं. फेरशस्त्रक्रिया ही आपोआप घडणारी घटना नसते, तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. न्यूझीलंडच्या नोंदवहीत रुग्णांकडून वेदना आणि हालचालीचे गुणही भरून घेतात, ४८ पैकी. ज्यांचे गुण २० च्या खाली, म्हणजे ज्यांचा गुडघा खरोखर त्रासात, त्यांच्यातल्या पूर्ण गुडघेवाल्यांपैकी साधारण १२ टक्क्यांची फेरशस्त्रक्रिया झाली होती. अर्ध्या गुडघेवाल्यांपैकी ६३ टक्क्यांची. दुखणं सारखंच, पण अर्ध्याला उघडणं सोपं. खाली हाड शिल्लक असतं, अर्धा काढून पूर्ण बसवता येतो. पूर्ण गुडघा पुन्हा उघडणं म्हणजे मोठं काम, म्हणून सर्जन म्हणतो, 'काढा आणखी थोडे दिवस.' तो रुग्ण नोंदवहीत यशस्वी म्हणूनच राहतो.

त्यात एक्स-रेवरची रेघ. सिमेंटने बसवलेल्या नडगीच्या पाटीखाली पुष्कळदा एक-दोन मिलिमीटरची बारीक काळी रेघ दिसते. ती स्थिर असते, निरुपद्रवी असते. पण पूर्ण गुडघ्यांचीच सवय असलेल्या डोळ्याला ती सैल झालेल्या इम्प्लांटसारखी वाटते आणि चांगला सांधा नाहक काढला जातो. पुढे हाड चिकटून वाढेल असा खरखरीत लेप दिलेला बिनसिमेंटचा सांधा आला, त्यात ही रेघ फारच कमी दिसते. त्याचा एक फायदा असा की एक्स-रे वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

युक्तिवाद बळकट आहे, पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर दुसऱ्यांदा भूल घेऊन टेबलावर झोपणं हे काही आकडेशास्त्रातलं कौतुक नाही. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनच्या नोंदवहीवर आधारित मोठी तुलना आली, जुळवून निवडलेल्या १,०१,३३० रुग्णांची. आठ वर्षांत फेरशस्त्रक्रियेचा धोका अर्ध्या गुडघ्यात २.१२ पट. पण मृत्यू, मोठ्या गुंतागुंती आणि रुग्णालयात परत भरती होणं, हे सगळं अर्ध्यात कमी. कुठलं पारडं जड, हे रुग्णाच्या वयावर आणि प्रकृतीवर ठरतं. ऐंशीच्या घरातल्या हृदयविकाराच्या माणसाला पहिला महिना सुखरूप जाणं महत्त्वाचं, पन्नाशीतल्याला पुढची तीस वर्षं.

याच नोंदवहीतून असंही दिसलं की ब्रिटनमध्ये एकेक सर्जन वर्षाला किती अर्धे गुडघे करतो त्यात सर्वाधिक आढळणारा आकडा एक होता. एक! स्वीडनचं कोडं तिथेही तसंच उभं होतं.

संख्येइतकंच प्रमाणही बोलकं निघालं. आपल्या एकूण गुडघ्यांपैकी वीस टक्क्यांहून अधिक अर्धे करणाऱ्या सर्जनचे निकाल, क्वचित करणाऱ्यांपेक्षा चांगले. हे वरवर उलटं वाटतं, कारण जपून निवडणाऱ्याचे निकाल चांगले यावेत अशी आपली समजूत. पण क्वचित करणारा निवडतो कोणाला? ज्याची झीज थोडी आहे त्याला. 'अजून पूर्ण खराब नाही, अर्ध्यावर भागवू.' नेमकं हेच चुकतं. कूर्चा शिल्लक असलेल्या गुडघ्यात दुखण्याचं मूळ बऱ्याचदा दुसरीकडेच असतं आणि बदलूनही दुखणं राहतं. अर्धा गुडघा हा कमी झिजलेल्यांचा उपाय नाही. आतल्या कप्प्यात हाडावर हाड आलेलं हवं आणि बाकी कप्पे कामाचे हवेत.

निवडीच्या जुन्या अटींचीही अशीच गत झाली. १९८९ मध्ये कोझिन आणि स्कॉट या अमेरिकी सर्जननी घातलेल्या अटी (वय साठच्या वर, वजन ८२ किलोंच्या आत, अंगमेहनतीचं काम नको) जगभर पाळल्या जात. २०११ मध्ये ऑक्सफर्डने हजार गुडघ्यांचा हिशेब काढला. त्यातले ६७८ या अटींत बसतच नव्हते, आणि त्यांचे निकाल इतरांपेक्षा वाईट नव्हते. आकडे पुन्हा रचनाकारांच्याच घरचे, हे लक्षात ठेवूनच वाचावेत.

२०१९ मध्ये अर्धा आणि पूर्ण गुडघा यांची थेट तुलना करणाऱ्या 'टॉपकॅट' चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले. ब्रिटनमधली २७ केंद्रं, ५२८ रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी, कोणाला अर्धा, कोणाला पूर्ण. अर्ध्याचे सरासरी गुण ३८, पूर्णाचे ३७, म्हणजे व्यवहारात काही फरक नाही. खर्च मात्र अर्ध्याचा माणशी सुमारे ९१० पौंड कमी. आणि फेरशस्त्रक्रियेत नोंदवहीतली ती दुपटीची दरी इथे दिसली नाही, बहुधा इथले सर्जन हे काम सरावाने करणारे होते म्हणून.

जिथे गणित चुकलं

मोकळ्या गादीची युक्ती बाहेरच्या कप्प्यात लावून पाहिली तेव्हा ती सपशेल फसली, सुरुवातीच्या मालिकेत दहापैकी एका गुडघ्यात गादी सटकली. बाहेरचं लिगामेंट गुडघा वाकल्यावर निसर्गतःच ढिलं पडतं, तिथे ताणाच्या भरवशावर गादी राहायची कशी? मग नडगीची पाटी घुमटासारखी फुगीर आणि गादी दोन्हीकडून खोलगट केली. फरक पडला, तरी बाहेरच्या कप्प्यासाठी अनेक सर्जन आजही पक्की बसवलेली गादीच पसंत करतात.

दुसरी अडचण आपल्या जवळची. कोरिया आणि जपानमधून आलेल्या मालिकांत गादी सटकण्याचं प्रमाण युरोपपेक्षा जास्त दिसलं. तिथेही लोक जमिनीवर बसतात, गुडघा पूर्ण मिटतात, मिटलेल्या स्थितीत पाय वळवतात. मांडी घालून जेवणारा, उकिडवं बसून भाजी निवडणारा, पूजेला पाटावर बसणारा आपला माणूस याच गटातला. अर्धा गुडघा वाकतो छान, तेच त्याचं आकर्षण, आणि मोकळ्या गादीचा धोकाही त्याच वाकण्यात. पक्क्या गादीच्या नव्या रचना आणि रोबोटच्या मदतीने दिलेले काप यांचा भारतात जो प्रचार चालतो त्यामागे हे एक कारण आहे. रोबोट काप अचूक देतो. गुडघा निवडून देत नाही.

भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, एनपीपीएने, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी तेव्हा ती ५४,७२० रुपये होती, वर जीएसटी. इम्प्लांटची किंमत त्यामुळे रुग्णाला कळू लागली. स्वीडनसारखी प्रत्येक गुडघा मोजणारी सक्तीची नोंदवही मात्र आपल्याकडे नाही. हिप-नी सर्जनच्या संघटनेची नोंदवही आहे, ती ऐच्छिक. त्यामुळे पुण्यात किंवा कोल्हापुरात आईचा गुडघा दाखवायला नेणाऱ्या मुलाला २३ ची ती रेघ कुठे छापलेली मिळणार नाही. त्याला ती डॉक्टरांनाच विचारावी लागेल : वर्षाला अर्धे गुडघे किती करता, आणि एकूण गुडघ्यांपैकी किती? त्याबरोबर एक्स-रेचंही विचारून घ्यावं. झोपवून काढलेल्या एक्स-रेत कप्प्यातली फट भार नसल्याने उघडी दिसते आणि हाडावर हाड आलंय की नाही ते कळत नाही. तो उभं राहून काढलेला हवा, शिवाय बाहेरच्या कप्प्यातली कूर्चा खरंच शाबूत आहे का हे पाहायला गुडघ्यावर बाजूने ताण देऊन काढलेला आणखी एक.